माळावरची लहान मुरूम खाण आणि नंतरची जमीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगली जिल्ह्यांतल्या माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतून सारखे येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत शेतकरी आहेत, ग्रामपंचायत सदस्य आहेत, पाणंद रस्त्यासाठी मुरूम शोधणारे आहेत आणि मेंढपाळही आहेत. उत्तरं लहान खाणीपुरती आहेत: एक-दोन एकरांच्या आतली, जेसीबीने निघणारी, सुरुंग न लागणारी. खडी क्रशरच्या दगडखाणीला यातलं बरंच लागू होत नाही.

१. मुरूम माळावरच का निघतो? खाली किती आहे हे आधी कळतं का?

आपला सगळा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. हा काळा कातळ ऊन-पाण्याने कुजत जातो आणि त्याचा मुरूम होतो. ओढ्याकाठच्या सखल जमिनीत या मुरमावर काळ्या मातीचा जाड थर साचलेला असतो. माळावर माती जेमतेम वीतभर, त्यामुळे मुरूम लगेच हाती लागतो.

थराची जाडी मात्र दहा-वीस पावलांत बदलते. म्हणून आधी जवळच्या विहिरीत डोकवा. वरून खाली माती, मुरूम, मांजऱ्या (अर्धवट कुजलेला खडक) आणि मग काळा कातळ असे थर बाजूला स्पष्ट दिसतात. त्यानंतर जेसीबीने चार-पाच चाचणी खड्डे घ्या आणि लगेच बुजवा. तासाभराचं भाडं जाईल, पण चुकीच्या जागी अख्खा माळ उकरण्याची वेळ येणार नाही.

२. माळ पडीकच असतो. तिथे खड्डा झाला तर बिघडलं काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. माळ पडीक नसतो. वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात खिलार जनावरं आणि माडग्याळ मेंढ्या याच गवतावर पोसल्या गेल्या. पवन्या, मारवेल, कुसळी या बहुवर्षायू गवतांची मुळं वीतभर माती धरून ठेवतात, आणि पावसाचं पाणी त्याच मुळांच्या वाटेने खालच्या मुरमात मुरतं. चंडोल, माळटिटवी, धाविक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. लांडगा आणि खोकड यांचं घरही हेच.

सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ लिहिलेलं असतं ते पिकाच्या हिशेबाने. मुरूम एकदाच विकता येतो, गवत दरवर्षी येतं. पुढची सगळी उत्तरं या समजुतीवर उभी आहेत.

३. माळ माझ्या मालकीचा, मुरूमही माझाच. मग परवाना कशाला?

जमीन तुमची असली तरी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे खनिजावर हक्क शासनाचा आहे. मुरूम हे गौण खनिज. ते काढायला महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम, २०१३ प्रमाणे परवाना लागतो आणि दर ब्रासला (१०० घनफुटांचं माप) स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, भरावं लागतं. विनापरवाना उत्खननाला बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, वाहन जप्त होतं, आणि दंड थकला तर जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसूल होतो. म्हणजे बोजा सातबाऱ्यावर चढतो. ठेकेदार निघून जातो, बोजा तुमच्याकडे राहतो.

स्वतःच्या रानात विहीर खोदताना किंवा बांध घालताना निघालेला मुरूम तिथेच वापरला तर प्रश्न वेगळा आहे. तो गटाबाहेर गेला की पुन्हा वरचे नियम आले. शंका असेल तेव्हा तलाठ्याच्या तोंडी होकारावर काम सुरू करू नका, तहसील कार्यालयातून लेखी घ्या.

४. कागद कोणकोणते लागतात?

चालू सातबारा आणि आठ-अ, मोजणीचा नकाशा, गटात कुठे खोदणार त्याची खूण, किती ब्रास आणि कशासाठी याचा अर्ज. गट सामाईक असेल तर प्रत्येक खातेदाराचं संमतीपत्र हवं. भावाभावांतले वाद इथेच पेटतात, म्हणून मुंबईला असलेल्या चुलत्यांची सहीसुद्धा आधीच आणा. वाहतुकीचा पास शासनाच्या महाखनिज प्रणालीतून निघतो. तो गाडीत नसेल तर परवाना असूनही गाडी अडते. स्वामित्वधनासोबत जिल्हा खनिज प्रतिष्ठानची रक्कमही भरावी लागते. दर बदलत असतात, अर्जाच्या दिवशीचा दर विचारून घ्या.

पर्यावरण मंजुरीबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. ‘पाच हेक्टरांच्या आत असेल तर काही लागत नाही’ हे आता खरं नाही. दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लहान खाणपट्ट्यांनाही मंजुरी आवश्यक ठरवली आणि जानेवारी २०१६ च्या केंद्रीय अधिसूचनेने त्याची पद्धत घालून दिली. त्याच अधिसूचनेत काही कामांना सूट आहे: विहीर खोदणं, गावतलावातला गाळ काढणं, मनरेगासारख्या योजनेतले गावरस्ते आणि बंधारे. तुमचं काम सूटमध्ये बसतं की नाही हे जिल्हा खनिकर्म शाखेकडून लेखी घ्या.

५. ग्रामपंचायतीला गायरानातून रस्त्यासाठी मुरूम काढायचा आहे. चालेल का?

ठरावाने भागत नाही. गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतं, मालकी शासनाची असते, आणि संहितेच्या कलम २२ खाली ती जमीन गुरांच्या मोफत चराईसाठी राखून ठेवलेली असते. गावाच्या सामाईक जमिनी सांभाळण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २०११ मध्ये कडक आदेश दिले, तेव्हापासून महसूल खातंही याकडे बारकाईने पाहतं. त्यामुळे परवानगी जिल्हाधिकारी पातळीवरून हवी.

त्याआधी ग्रामसभेत विषय खुलेपणाने ठेवा, आणि ज्यांची जनावरं तिथे चरतात ती घरं सभेला हजर आहेत ना हे पाहा. सभेत बहुधा बागायतदार बोलतात आणि मेंढपाळ रानात असतात. जुन्या खाणीचा खड्डा गावात असेल तर नवीन जागा न फोडता आधी तोच नीट वापरून संपवावा, असं आम्ही प्रत्येक गावाला सांगतो.

गटाच्या नोंदीत ‘वन’ असा उल्लेख असेल तर इथेच थांबा. वनजमिनीला १९८० चा वन संवर्धन कायदा लागू होतो आणि केंद्राच्या मान्यतेशिवाय तिथे कुदळ मारता येत नाही.

६. खाणीसाठी जागा कशी निवडावी?

आधी कुठे नको ते ठरवा. ओढ्याच्या काठावर नको, टेकडीच्या माथ्यावर नको, विहिरीच्या वरच्या अंगाला नको (प्रश्न १० पाहा), मेंढरांच्या नेहमीच्या वाटेवर नको. बिरोबा-म्हसोबाचं ठाणं, वीरगळ किंवा जुनी दफनभूमी असेल तिथेही नको. ज्या तुकड्यात पवन्या आणि मारवेल दाट आहे तो सोडा. जिथे आधीच गाड्यांनी जमीन मोडली आहे, माती धुपून मुरूम उघडा पडला आहे, कुसळीखेरीज फारसं काही उगवत नाही, तो तुकडा घ्या. उतार हलका असावा, म्हणजे पाणी एका बाजूने बाहेर काढता येतं.

७. किती खोल आणि किती मोठी?

दीड मीटर खोली पुरे. त्याखाली गेलात की बाजूंना उतार द्यायला जागा उरत नाही आणि पाणी साचतं. बाजूंचा अंतिम उतार एकास तीन ठेवा: एक मीटर खोलीला तीन मीटर आडवं अंतर. या उतारावर माती टिकते, गवत धरतं, गाय-मेंढी उतरून परत चढू शकते.

हा उतार सुरुवातीच्या हिशेबातच धरावा लागतो. समजा खाण वरून ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद आहे, खोली दीड मीटर. उभ्या बाजू धरल्या तर १,५०० घनमीटर, म्हणजे ५३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर). चारही बाजूंना एकास तीनचा उतार दिला की तळ ३१ बाय १६ मीटरचा उरतो आणि आकारमान ३९० ब्रासच्या आत येतं. त्यातली वरची १५ सेंटिमीटर माती ही पन्नासेक ब्रास. ती विकायची नाही, म्हणून ती वजा. हातात आला साधारण ३३५ ते ३४० ब्रास मुरूम.

ठेकेदार ५३० चा हिशेब दाखवतो तेव्हा तो तुमच्या खड्ड्याच्या कडा उभ्या सोडणार आहे. पावसाळ्यात त्या कडा ढासळतात, खाली पाणी साचतं, आणि अशा खड्ड्यांत पोरं आणि जनावरं बुडतात. हे आपल्याच तालुक्यांत घडत आलं आहे.

आता गरज मोजा. तीन मीटर रुंद, एक किलोमीटर लांब रस्त्यावर दाबून १५ सेंटिमीटर थर हवा असेल तर ४५० घनमीटर, म्हणजे १५९ ब्रास. खोदलेला मुरूम फुगतो, त्यामुळे गाडीत भरताना तो दोनशे ब्रासच्या जवळ जातो. वरचे ३३५-३४० ब्रास न फुगलेल्या मुरमाचे आहेत, म्हणून त्या मापाची खाण दोन किलोमीटर पाणंदीला पुरते. गरज एवढीच असेल तर एवढंच खोदा.

८. वरची माती काढून ठेवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

सगळ्या कामात हीच पायरी सर्वांत मोलाची आणि हीच सर्वाधिक वेळा चुकवली जाते. वरच्या वीतभर मातीत गवताचं बी असतं, मुळांचे गड्डे असतात, बुरशी आणि जिवाणू असतात. ती मुरमात मिसळली की गेली. बाहेरून कितीही डंपर माती आणली तरी तिची जागा भरत नाही.

जमीन कोरडी असताना जेसीबीने वरचे १५ ते २० सेंटिमीटर गवताच्या बुडख्यांसकट सोलून घ्या. ओली माती दाबली गेली की तिचे ढेपे होतात. खाणीच्या वरच्या अंगाला लांबट, कमी उंचीचा ढीग घाला, एक मीटरपर्यंत. उंच ढिगात आतली माती गुदमरते आणि बी कुजतं. ढिगावर गाडी चढू देऊ नका, त्यावर गुरं बसू देऊ नका. त्या ढिगाचा पाणी वळवायला बांधासारखा उपयोगही होतो.

जमेल तिथे अख्खा माळ एकदम सोलू नका. पट्टे पाडा. दुसऱ्या पट्ट्याची माती काढाल ती खोदून संपलेल्या पहिल्या पट्ट्यावर थेट पसरा. साठवण टळते, बी जिवंत राहतं, जेसीबीचे तास वाचतात. माती, मग बारीक मुरूम, मग दगडगोटे हे तीन ढीग वेगळे ठेवा आणि परत टाकताना क्रम उलटा: तळाला गोटे, वर बारीक मुरूम, शेवटी माती.

९. वर्षात कधी खोदावं?

गवताचं बी पडून गेल्यावर, म्हणजे दिवाळीनंतर माती सोला. फेब्रुवारीअखेर उत्खनन संपवा. मार्चपासून टिटव्या आणि इतर माळपक्षी जमिनीवर अंडी घालू लागतात, तेव्हा नवीन तुकडा फोडू नका. उतार देणं आणि माती परत पसरणं एप्रिल-मेमध्ये, आणि मृगाच्या आधी बी पेरून मोकळं व्हा. ठेकेदाराला मे महिन्यात मुरूम हवा असतो कारण त्याचं बिल निघायचं असतं. ते त्याचं वेळापत्रक आहे.

१०. मुरूम काढल्याने विहिरीचं पाणी कमी होतं का?

होऊ शकतं. आपल्याकडच्या कातळात पाणी मावायला जागा थोडी असते. कमी खोलीच्या विहिरींना मिळणारं पाणी बरंचसं या कुजलेल्या मुरमाच्या थरात साठलेलं असतं. तो थर खरवडून कातळ उघडा केला तर पावसाचं पाणी मुरायच्या ऐवजी वाहून जातं.

म्हणून दोन नियम. विहिरीच्या वरच्या अंगाचा माळ खोदू नका. आणि कातळापर्यंत कधीच जाऊ नका, तळाला किमान अर्धा मीटर मुरूम शिल्लक ठेवा. चाचणी खड्ड्यात (प्रश्न १) थर दोन मीटरपेक्षा पातळ निघाला तर तेवढ्या प्रमाणात खोली कमी करा. खोदताना ओल लागली, झिरपा दिसला, तर काम तिथेच थांबवा.

११. खोदून झालं. आता जमीन परत कशी बसवायची?

गाड्यांनी तळ दगडासारखा दाबलेला असतो. त्यावर नुसती माती पसरली तर पहिल्या मोठ्या पावसात ती घसरून जाते. आधी रिपर किंवा जेसीबीच्या दातांनी तळ ३० ते ४० सेंटिमीटर फोडा, उताराला आडवं. मग बाजूंचा उतार, मग प्रश्न ८ मधल्या क्रमाने थर. वरून येणारं पाणी चर काढून बाजूने न्या. उतारावर समतल रेषेत दगडांच्या लहान ओळी लावल्या तर माती आणि बी दोन्ही अडतं. पृष्ठभाग गुळगुळीत करू नका, खडबडीत राहू द्या.

आपल्याकडे जोराचा पाऊस पुष्कळदा परतीचा असतो, उत्तरा-हस्तात. जूनमध्ये उगवलेल्या गवताने तोपर्यंत मूळ धरलं पाहिजे. म्हणून पेरणी लांबवू नये.

१२. कोणतं गवत पेरावं? बी कुठून आणायचं?

आपल्याच माळावरून. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पवन्या, मारवेल आणि कुसळी पिकते. चांगल्या तुकड्यातलं पिकलेलं गवत कापा, सावलीत वाळवा आणि मृगाच्या आधी माती पसरलेल्या जागेवर तसंच काडीसकट अंथरा. बी वेगळं काढायची गरज नाही. काडीचं आच्छादन ओल धरतं, वाऱ्याला अडवतं, मुंग्यांपासूनही थोडं बी वाचतं. बरंचसं रानगवत ताज्या बियांतून नीट उगवत नाही, काही महिन्यांच्या विश्रांतीनंतर उगवतं. त्यामुळे दिवाळीचं बी जूनला वापरणं हेच योग्य.

मारवेलचे ठोंब पावसाळ्यात लावले तरी जगतात. पहिल्या वर्षी जमीन झाकायला थोडी मटकी किंवा हुलगा टाकला तर चालतो. स्टायलो हे चाऱ्याचं शेंगवर्गीय पीक वन खातंही वापरतं, पण ते बेताने टाका. उसाच्या पट्ट्यातलं नेपियर गवत पाण्याशिवाय माळावर टिकत नाही.

१३. खाण बुजवून झाडं लावली तर? वृक्षारोपणाला मदतही मिळते.

माळावर जंगल वाढवणं म्हणजे पुनर्स्थापना नव्हे. सागरेश्वरच्या उघड्या डोंगरांवर झाडं लावून अभयारण्य उभं राहिलं, ते मोठं काम आहे, पण तिथली जागा, हेतू आणि देखभाल वेगळी होती. चराईच्या माळावर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ दाट लावली तर खालचं गवत मरतं आणि उघड्यावर घरटी करणारे पक्षी निघून जातात.

सावलीसाठी दोन-चार झाडं हवी असतील तर हिवर, बोर, बाभूळ कडेला लावा.

१४. किती दिवस चराई बंद ठेवायची? मेंढपाळ ऐकतील का?

दोन पावसाळे पूर्ण बंद. दुसऱ्या दिवाळीला गवत कापून नेऊ द्या, तिसऱ्या वर्षी बी पडल्यावर हलकी चराई सुरू करा.

मेंढपाळांशी खोदण्याआधी बोला. बंद ठेवलेला तुकडा एक एकराचा असेल आणि बाजूचा माळ मोकळा असेल, तर कुणी मुद्दाम मेंढरं घालत नाही. कापलेल्या गवतातला वाटा त्यांना द्या. दोन पावसाळ्यांनंतर त्याच जागेवर काही रात्री मेंढरं बसवली तर खतही मिळतं. काटेरी फांद्यांचं कुंपण पुरतं, तारेचा खर्च नको.

१५. ठेकेदार म्हणतो, फुकट शेततळं खोदून देतो, मुरूम मी नेतो. घ्यावं का?

मुरमाच्या खड्ड्यात पाणी थांबत नाही, झिरपून जातं. प्लास्टिकचा कागद न घालता ते शेततळं होत नाही, आणि कागदाचा खर्च खोदाईपेक्षा जड पडतो. ठेकेदार कागद घालून देणार आहे का, परवाना कुणाच्या नावावर निघणार, किती ब्रास उचलणार, बाजूंचा उतार किती, कुंपण कोण करणार हे मुद्रांकावर लिहून घ्या. तो टाळाटाळ करू लागला तर उत्तर मिळालं. दंड कुणावर बसतो ते प्रश्न ३ मध्ये आहे.

१६. खड्डा भरायला धरणातला गाळ टाकला तर?

शेतासाठी गाळ उत्तम, माळासाठी नाही. काळा गाळ कसदार असतो, त्यात गाजर गवत आणि तण जोमाने येतं आणि पवन्या मागे पडते. बांधकामाचा राडारोडा, प्लास्टिक, पोल्ट्रीचा कचरा तर मुळीच नको. या माळावरचं पाणी खाली कुणाच्या तरी विहिरीत जातं.

१७. जुन्या खाणीत सगळी वेडी बाभळ माजली आहे. काय करावं?

नुसती तोडली तर बुडातून दुप्पट फुटते. मुळासकट, जमिनीखाली वीतभर कापून काढा, उन्हाळ्यात. शेंगा जनावरांना खाऊ देऊ नका, शेणातून बी पसरतं. पुढची दोन-तीन वर्षं पावसाळ्यानंतर रोपं हाताने उपटावी लागतात. गवत दाट झालं की नवीन रोपांना जागा उरत नाही.

१८. खोदताना लांडग्याचं बीळ सापडलं तर?

काम थांबवा आणि वन खात्याला कळवा. भारतीय लांडग्याला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. हिवाळ्यात पिल्लं असतात, आणि आपला खोदाईचा काळही तोच (प्रश्न ९), म्हणून जागा ठरवण्याआधी मेंढपाळांना विचारा. बिळं कुठे आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

१९. हे सगळं कास, पाटण, महाबळेश्वरकडेही लागू होतं का?

नाही. तिथल्या सड्यांवर (डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळांवर) मुरमाऐवजी जांभा आहे, पाऊस कित्येक पट आहे आणि सड्यावरची वनस्पती एकदा खरवडली की परत बसवता येत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे, कोयना-चांदोलीला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. तिकडे घाटमाथ्यावर खाण काढूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

२०. जुन्या खाणीच्या उभ्या कडेत वेड्या राघूंची बिळं आहेत. उतार द्यायचा की तशीच ठेवायची?

वेडे राघू आणि खंड्या उभ्या मातीच्या कडेत बोगदे करून अंडी घालतात, साधारण मार्च ते जून. या काळात त्या कडेला हात लावू नका. पिल्लं उडून गेल्यावर बिळं असलेला पंधरा-वीस फुटांचा तुकडा उभा ठेवा, बाकी सगळ्या बाजूंना एकास तीनचा उतार द्या. उभ्या तुकड्याच्या वर दोन मीटर अंतर सोडून काटेरी कुंपण घाला आणि खाली पाणी साचणार नाही असा चर काढा. परवान्याच्या अटीत पूर्ण उतार लिहिलेला असेल तर हा तुकडा नकाशावर दाखवून तहसीलदारांकडून आधी लेखी मान्यता घ्या.